धक्का आणि कंप

(हाताचा क्लोजअप)
पार्किन्सन्सचा आजार असलेल्या या काकांचा अंगठा आणि तर्जनी बघा, जपमाळ ओढल्यासारखी चाललेली. हात मांडीवर निवांत असताना हा कंप असतो. पेला उचलला की कमी होतो. आता डॉक्टर या काकांना सांगतायत, शंभरातून सात-सात वजा करत चला. ९३... ८६... ७९... आणि हात उडायलाच लागला.

ताणानं कंप वाढतो, हे दिसलंच. पण आजारही ताणानंच होतो का?

(जुनी चित्रं, पॅरिस)
साल्पेत्रिएर रुग्णालय. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णन केलेल्या या आजाराला त्यांचं नाव दिलं ते इथले मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी. भीतीचा, दुःखाचा जबर धक्का हे ते एक कारण मानत. दमट थंडी हे दुसरं. भर वर्गात ते रुग्णांच्या डोक्यावर लांब पिसं बांधत, थरथर शेवटच्या बाकापर्यंत दिसावी म्हणून. रेल्वेच्या लांब प्रवासानंतर बरं वाटतं, असं रुग्ण सांगत. शार्कोंनी हादरणारी खुर्चीच करवून घेतली! हसू येतं खरं, पण रुग्णाचं इतकं ऐकणारा डॉक्टर आजही शोधावाच लागतो.

(मेंदूचे काप)
डावीकडे निरोगी मध्यमेंदू. हा काळा पट्टा म्हणजे डोपामिन, हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी. उजवीकडे तोच पट्टा फिकट. हात कापायला लागेपर्यंत यातल्या पुष्कळ पेशी गेलेल्या असतात. त्याआधी कित्येक वर्षं बद्धकोष्ठ, वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं. चिंता आणि उदासीसुद्धा. त्यामुळे ‘बाबा गेले आणि आईंचा हात कापायला लागला’ असं घरचे म्हणतात, तेव्हा आजार बहुधा आधीच आत शिरलेला असतो. धक्क्यानं तो उघडा पडतो.

आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात रेंगाळणारा त्रास) असलेल्यांमध्ये पार्किन्सन्स जास्त आढळल्याचे काही अभ्यास आहेत. आयुष्यातल्या मोठ्या आघातांचा शोध घेणाऱ्या, २०१० सालच्या डॅनिश अभ्यासात मात्र असा संबंध दिसला नाही. तेव्हा ‘सुनेनं टेन्शन दिलं म्हणून झालं’ हा निकाल कृपा करून घरात लावू नका.

(पुणे, नृत्यवर्ग)
या शुभार्थींचे, म्हणजे पार्किन्सन्स असलेल्यांचे, पाय दारापाशी थिजतात. ठेका सुरू झाला, एक-दोन-तीन मोजलं, की पाऊल सुटतं. चेहरे बघा. मेलेल्या पेशी यानं परत येत नाहीत. गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतातच.