टाकीतला कुणगा

नमस्कार मंडळी.

मागच्या टेबलावरचा पंखा मीच बंद करायला सांगितला आहे. शेवटच्या दोन ओळींना उकडतंय, दिसतंय मला. पण त्या टेबलावर टाकी आहे आणि तिच्यात एक नर बेट्टा मासा काल दुपारपासून डाव्या कोपऱ्यात घरट्यासाठी फेस जमवतोय. तुम्हाला वरून बघता यावं म्हणून काचेचं झाकण काढून आज जाळी ठेवली आहे. वाऱ्याने पाणी थरथरलं तर त्याची रात्रभराची मेहनत तासाभरात विस्कटेल. तेव्हा थोडं सोसा.

बेट्टा पाळणाऱ्या प्रत्येकाचा मला एकच प्रश्न असतो. पाण्यात काय घातलं की तो घरटं बांधतो? दुकानात त्यासाठी बाटल्याही मिळतात. मला वाटतं प्रश्नाची सुरुवातच चुकते. हा मासा मुळात कुठे राहत होता ते आधी बघायला हवं, आणि ते बघायला वेंगुर्ल्याच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही.

बेट्टा मूळचा थायलंडचा. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातशेती, दलदल, गवताने भरलेले ओहोळ, हे त्याचं घर. तिथे त्याला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. नरांच्या झुंजी लावायचा तिथला जुना नाद आहे, त्यावरून हे नाव. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. ते 1910 मध्ये चार्ल्स टेट रीगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने दिलं. त्याआधी साठेक वर्षं हा मासा दुसऱ्याच एका जातीच्या नावाखाली मोडत होता. 2019 मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं.

म्हणजे हा भातशेतातला मासा. आता श्रावणातला आपला कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, डोळ्यांपुढे आणा. लावणी होऊन महिना झालेला. पाणी गुडघ्याच्याही खाली. मेरेने, म्हणजे बांधाने अडवलेलं, म्हणून वाहत नाही. कुजलेल्या पानापाचोळ्याने रंग फिकट चहासारखा. वर बारीक पानांचं तरंगतं शेवाळ. ऊन रोपांमधून गाळून येतं. हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. घरटं बांधणाऱ्या बेट्टाला हवं ते सगळं या एका चित्रात आहे. मी जे काही सांगणार आहे ते एवढंच, की टाकीत एक कुणगा उभा करायचा.

असल्या साचलेल्या, कोमट पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. बेट्टाने त्यावर उपाय शोधला आहे. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्याला आणखी एक अवयव असतो, लॅबिरिंथ. हाडाच्या पातळ, घड्या पडलेल्या पडद्या आणि त्यांच्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं. मासा वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि त्या घड्यांमधून प्राणवायू रक्तात जातो. मोठ्या बेट्टाला हवेवाचून भागतच नाही. पृष्ठभागापर्यंत पोचू दिलं नाही तर तो पाण्यात गुदमरून मरतो.

पण अंड्यांना लॅबिरिंथ नसतं. ती तळाच्या चिखलात पडली तर गेलीच. म्हणून बाप त्यांना वर, जिथे हवा आणि पाणी भेटतं तिथे ठेवतो. हवेचा घोट घेतो, तोंडातल्या चिकट स्रावात घोळवून बुडबुडा सोडतो, त्याला दुसरा चिकटवतो, मग तिसरा. असे शेकडो बुडबुडे. पाळणा आणि छप्पर दोन्ही तेच.

फेसाचं घर आपल्याला नवं नाही. पावसात आंबोलीला जाणाऱ्यांनी डबक्यावर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा लोंबताना पाहिला असेल. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. आत अंडी असतात, आणि पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात टपटप पडतात. बेडूक आणि मासा यांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण पावसाळी, दमट मुलखात अंडी जपायची हीच युक्ती दोघांनाही सुचली. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या फांदीखाली भिजत उभा होतो.

माझी स्वतःची सुरुवात चुकीने झाली, ती सांगतो, कारण बहुतेकांची हीच चूक होते. पहिली टाकी चांगली मोठी घेतली, चाळीस लिटरची. तिला दणदणीत फिल्टर लावला, कारण पाणी स्वच्छ हवं. मासा रोज रात्री कोपऱ्यात आठ-दहा बुडबुडे जमवायचा आणि सकाळपर्यंत ते प्रवाहाने पांगलेले असायचे. दीड महिना हे चाललं. मग गणपतीच्या आधी एका वादळी रात्री वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलीच नाही. मी माशाच्या काळजीत होतो. सकाळी बघतो तर तळहाताएवढं, बोटाच्या पेराइतकं जाड घरटं! आईने ते माझ्या आधी पाहिलं होतं. म्हणाली, “पाणी खराब झालां रे, फेस इलो हा.” आणि वाटीने काढायलाच निघाली होती. मी तिचा हात धरला. त्या दिवशी मला कळलं की दीड महिना तो मासा बांधतच होता, मोडत होतो मी.

म्हणून पहिली गोष्ट, पाण्याचा वरचा थर निश्चल हवा. याचा अर्थ फिल्टर काढून टाका असा नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याला ताब्यात ठेवणारे जिवाणू फिल्टरमध्येच वस्ती करतात. स्पंज फिल्टर घ्या आणि हवेच्या नळीला बारीक चावी लावा. एकेक बुडबुडा मोजता येईल इतकी हवा पुरे. फिल्टर एका टोकाला, म्हणजे दुसरं टोक शांत राहतं. टाकी वीस लिटरची असली की एका नराचं छान भागतं. नवी टाकी भरल्या दिवशीच मासा सोडू नका. जिवाणू बसायला काही आठवडे लागतात.

तो गोल बाऊल मात्र नको. कृपा करून नको. दोन लिटर पाण्यात अमोनिया किती भरभर वाढतो आणि रात्रीच्या गारव्याने ते किती लवकर थंड होतं, याचा विचार करा. दुकानातल्या पेल्यातही बेट्टा कधी कधी घरटं बांधतो, आणि मग लोक म्हणतात, बघा, सुखात आहे. घरटं दिसलं तर नर वयात आला आहे आणि तयार आहे, एवढंच म्हणता येतं. त्याचं पाणी चांगलं आहे की नाही हे फेसावरून ठरत नाही. उलट उत्तम टाकीतला एखादा नर वर्षभर बांधत नाही. तो आजारी आहे असं समजून औषधं ओतू नका.

दुसरी गोष्ट ऊब. 26 ते 28 अंश सेल्सिअस. आपल्याकडे पावसाळ्यात हे आपोआप मिळतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी खाली उतरतं, तेव्हा तो मंदावतो, खाणंही कमी करतो. पंचवीस-पन्नास वॅटचा छोटा हीटर त्या दोन महिन्यांपुरता लावा. आणि झाकण ठेवा. एक तर हा मासा उडी मारतो. दुसरं, झाकणाखाली चार-पाच सेंटिमीटर दमट हवा कोंडून राहते, तिने बुडबुडे सुकत नाहीत. पाण्यावरची कोरडी, गार हवा घरट्याला मारक.

तिसरी गोष्ट टेकू. मोकळ्या पाण्याच्या मधोमध तो क्वचितच बांधतो. त्याला वर काहीतरी तरंगणारं लागतं, ज्याला फेस धरून राहील. साल्विनिया किंवा पिस्टियाची दोन-चार रोपं उत्तम. पण ती शेतातून, तळीतून थेट उचलून आणू नका. फवारणीचं औषध येतं, गोगलगायी येतात, आणि चतुराची अळी आली तर ती पुढे पिल्लं फस्त करते. वेगळ्या बादलीत दोन-तीन आठवडे ठेवून, रोज बघून मगच टाकीत घाला.

आणि बदामाचं पान. आपल्या प्रत्येक शाळेच्या आवारात, प्रत्येक धक्क्यावर हा देशी बदाम उभा आहे. थंडीत त्याची पानं लाल होऊन गळतात. थायलंडमधले बेट्टावाले पिढ्यान्‌पिढ्या हीच पानं वापरत आले. पानातलं टॅनिन पाण्यात उतरतं, पाणी चहाच्या रंगाचं होतं, किंचित आम्ल होतं, उजेड मवाळ होतो. शिवाय पान दोन-तीन दिवस तरंगतं आणि तेवढ्यात नर त्याच्या खाली कामाला लागतो. आपोआप गळालेलं, पूर्ण वाळलेलं, रस्त्याच्या धुरळ्यापासून लांबचं पान घ्या, स्वच्छ धुवा, वीस लिटरला एक टाका. शहरातली माणसं ही पानं पाकिटातून विकत घेतात. आपण ती झाडून जाळतो.

मघाशी एका काकूंनी विचारलं, विहिरीचं पाणी चालेल का? जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊ असतं, साबणाला लगेच फेस येतो, ते या माशाला मानवतं. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते नको. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर टाकते, तेव्हा पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवा, क्लोरीनचा वास गेला की वापरा. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला की झालं, रोज रोज त्याला खालीवर करत बसू नका. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. घरटं असतानाही बदला, दुसऱ्या टोकाकडून, बारीक नळीने, काचेवरून ओघळत. घरटं मोडेल या भीतीने महिनाभर पाणी न बदललेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत. मोडलं तर तो पुन्हा बांधेल. अमोनियाने जळलेले कल्ले तसे भरून येत नाहीत.

खाण्याचं थोडक्यात. हा किडे खाणारा मासा आहे. पाव आणि शिजलेला भात त्याचं अन्न नव्हे. चांगले दाणे, अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या, किंवा डाफ्निया म्हणजे पाणपिसवा. डासाच्या अळ्या त्याला फार आवडतात, पण त्यासाठी अंगणात पाणी साचवून ठेवू नका. डेंग्यूचे दिवस आहेत.

आता मादी. नुसतं घरटं बघायचं असेल तर मादीची गरजच नाही, एकटा नर बांधतो. पण ती दिसली तर त्याचा उत्साह वाढतो हे खरं. काचेच्या बरणीत मादी ठेवून ती बरणी टाकीत उभी करा. मादी तयार असेल तर तिच्या अंगावर उभे फिकट पट्टे उमटतात, पोट भरलेलं दिसतं. आरसा दाखवायचा तर दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. तो समोरच्याला शत्रू समजून दमतो. आणि पिल्लं वाढवायची तयारी नसेल तर मादी मोकळी सोडूच नका. एका विणीत शेकडो अंडी होऊ शकतात, आणि वाढलेला प्रत्येक नर वेगळा ठेवावा लागतो. जागा नाही म्हणून मग कोणी ती तळीत सोडतं. हा परदेशी मासा आहे. पहिल्या पावसात आपले चढणीचे मासे ज्या ओहोळांतून शेतात वर येतात, तिथे त्याला सोडायचा आपल्याला काही अधिकार नाही.

तयारी असेल तर पाणी बारा-पंधरा सेंटिमीटरवर आणा. अंडी बुडतात आणि नराला एकेक तोंडात धरून वर न्यायची असतात. खोल पाण्यात त्याची दमछाक होते. पाणी कमी केलंत तर हीटर पूर्ण बुडालेला आहे ना, तेवढं बघा. नर मादीला अंगाने वेढा घालतो, काही क्षण दोघं जणू निष्प्राण तरंगतात, अंडी खाली निसटतात, आणि शुद्धीवर आल्यासारखा तो झेपावतो. हे तासन्‌तास चालतं. संपलं की तो मादीला हाकलतो. त्याच वेळी तिला बाहेर काढा, नाही तर तो तिला फाडेल. मादीला लपायला झुडुपं आधीपासून हवीतच.

पुढचे दिवस बापाचे. दीड दिवसाच्या आसपास अंडी फुटतात. स्वल्पविरामाएवढी पिल्लं शेपूट खाली करून फेसाला लटकतात, निसटतात, तो पुन्हा वर नेतो. त्या काळात तो जेवतही नाही म्हटलं तरी चालेल. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागली की त्याला वेगळं करा. पिल्लांना आधी डोळ्यांना न दिसणारे पाण्यातले सूक्ष्मजीव, मग अंड्यातून नुकता फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. पहिले तीन-चार आठवडे झाकण अजिबात उघडं ठेवू नका. त्यांचा लॅबिरिंथ याच काळात तयार होतो आणि ती पहिल्यांदा हवा घ्यायला वर येतात. वरची हवा पाण्याइतकीच उबदार हवी.

बाकी काही विचारायचं असेल तर टाकीपाशीच विचारा. दोघा-दोघांनी या, लहान मुलांना पुढे सोडा, टेबलाला हात टेकू नका. मोबाइलचा फ्लॅश नको. डावीकडच्या कोपऱ्यात बदामाचं पान आहे, त्याच्या कडेला बघा. तो आत्ता पानाखाली गेला असेल. अर्धा मिनिट थांबलात तर वर येईल, हवा घेईल आणि परत तिथेच जाईल.