यिर्मयाचं खरेदीखत

पास्टरसाहेबांनी विषय दिलाय, 'देव आपली अभिवचनं पाळतो', आणि वर बजावलंय की थोडक्यात आटपा. अब्राहाम हारानातून निघाला ७५ व्या वर्षी, देवानं कबूल केलेला मुलगा इसहाक झाला १०० व्या वर्षी. एवढं २५ वर्षांचं प्रकरण थोडक्यात कसं आटपू?

बरं, या विषयाला सीमाभागासारखा श्रोता शोधून मिळायचा नाही. १९५६ पासून आपल्याला प्रत्येकानं काही ना काही कबूल केलंय. सीमावादावरचा महाजन आयोग होऊन गेला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. त्यामुळं कुणी 'शब्द देतो' म्हटलं की आपण आधी खिसा चाचपतो. राजकारण इथंच संपलं, घाबरू नका.

माझं दुखणं जमिनीच्या उताऱ्याचं आहे. वडील वारले. खानापूरकडं थोडी भातजमीन, तिला वारसा लावायचा. वडिलांचं नाव जुन्या मराठी दस्तात शमुवेल, शाळेच्या दाखल्यावर सॅम्युएल, कानडी उताऱ्यात सामवेल. ऑफिसातले साहेब म्हणाले, हे तीन इसम झाले, यातले वारले कोण? दाखला आणला, तर शिक्का पुसट. शिक्का ठळक करून आणला, तर सर्व्हर बंद. दर वेळी कानडीत निरोप एकच, 'नाळी बर्री', उद्या या. पूर्वी आपल्याकडं भुतासाठी दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', लिहायचे. भूत बिचारं वाचून परत जायचं. मी मात्र दुसऱ्या दिवशी दारात हजर! शेवटी नोंद झाली, तर थोरल्या बहिणीचं नाव गळलेलं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. आमची मंडळी मागच्या बाकावरून डोळे वटारतीय, तिचं हे सगळं पाठ झालंय. असो.

या खेपा घालताना शास्त्रातले जमिनीचे व्यवहार माझ्या नजरेत भरायला लागले. देवाचा खरेपणा सांगायचा म्हटलं की आपण दुभंगलेला तांबडा समुद्र काढतो, यरीहोचा कोसळलेला कोट काढतो. मला विचाराल तर पुरावा दस्तात आहे. अख्खा देश देईन असं अब्राहामाला वचन, आणि बायको सारा वारली तेव्हा पुरायला हातभर जागा नाही! एफ्रोन हित्ती चारचौघांत म्हणतो, घ्या की, तशीच दिली. आणि हळूच पुढं, ४०० शेकेल रुप्याची जमीन, तुमच्या-माझ्यात एवढं काय? दलाल तेव्हापासून तसेच. अब्राहामानं घासाघीस न करता चांदी तोलून दिली.

आता यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. तिथं चुलतभाऊ हनामेल येतो, म्हणे अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ यरुशलेमेपासून, बेळगावहून हिंडलगा असेल तेवढ्याच अंतरावर, आणि सगळा मुलूख शत्रूच्या टाचेखाली. भाऊबंद बरोबर वेळ साधतात! पण देवानं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून यिर्मया १७ शेकेल मोजतो, साक्षीदार बसवतो, सही करतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देव म्हणतो. आणि एवढं करून एकांतात देवालाच विचारतो, वेढ्याचे मोर्चे शहराला भिडलेत आणि तू मला शेत घ्यायला लावतोस? मला हा यिर्मया फार जवळचा वाटतो.

तो पुढं मिसरात नेला गेला, शेत त्याच्या उपयोगी पडलं नाही. पण एज्रा २:२३ काढा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची यादी आहे, रटाळ म्हणून आपण पानं उलटतो. तिथं लिहिलंय, अनाथोथची माणसं १२८.

घंटा झाली वाटतं. मुख्य मुद्दा राहिलाच, तो पळत सांगतो. करार करताना जनावरं चिरून दोन्ही भागांमधून जायची रीत होती. मोडणाऱ्याची तीच गत. उत्पत्ती १५ मध्ये अब्राहाम गाढ झोपेत आणि मधून जाते ती देवाची खूण, धुमसती भट्टी अन् जळती मशाल. म्हणजे जामीन देव एकटाच. म्हणून यहोशवा २१:४५ म्हणू शकतो की एकही गोष्ट निष्फळ झाली नाही, आणि पौल म्हणतो, सगळ्या वचनांचं 'होय' ख्रिस्तात आहे. मग इब्री ११:१३ चं काय, वचनफळ न मिळताच ही माणसं मेली? मेली, पण देवानं त्यांच्या हयातीची मुदत कुठं घातली होती? योसेफाच्या अस्थींवर बोलायचं होतं, आता वेळ नाही. उत्पत्ती ५०, निर्गम १३ आणि यहोशवा २४ घरी एका बैठकीत वाचा, आणि पुढच्या वेळी पास्टरसाहेबांना सांगून मला अर्धा तास जादा मिळवून द्या.