कच्चं केळं, चण्याचं पीठ आणि आतड्याचं वय

[दृश्य: ढाका, मीरपूर वस्ती. वजनकाट्यावर वाटी, वाटीत दाटसर लगदा.]

कुपोषित मुलांसाठीचा हा पूरक आहार: 25 ग्रॅम, दिवसातून दोनदा. शंभर ग्रॅम मिश्रणात चण्याचं पीठ 10, शेंगदाण्याचं पीठ 10, सोयाबीनचं 8 आणि कच्च्या केळ्याचा गर 19 ग्रॅम. साखर जवळपास 30, सोयाबीन तेल 20, उरलेली जीवनसत्त्वं आणि खनिजांची पूड. दूध पावडर नाही, तांदूळ नाही. डबे सगळे आपल्या फळीवरचेच. पण ते निवडले गेले मुलाच्या आतड्यातल्या जिवाणूंना विचारून.

[दृश्य: सेंट लुईस, अमेरिका. पारदर्शक प्लास्टिकचे तंबू, आत उंदीर.]

विचारायची ही पद्धत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत घडत गेली. तंबूतल्या उंदरांच्या अंगात एकही जिवाणू नसतो. हवा गाळून येते, हातमोजे भिंतीलाच जोडलेले, खाद्य वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेलं. सामान दोन दारांच्या कप्प्यातून आत जातं. बाहेरचं दार लावायचं, जंतुनाशक फवारायचं, ठरलेला वेळ थांबायचं, मगच आतलं दार उघडायचं. हातमोज्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी महिन्यांची मेहनत पाण्यात. म्हणून विष्ठेची तपासणी नेमाने होते.

2004 साली या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले. चौदा दिवसांत चरबी सुमारे 60 टक्क्यांनी वाढली, आणि खाणं उलट कमी झालं होतं!

मग आफ्रिकेतलं मलावी. तिथे 317 जुळ्यांच्या जोड्या तीन वर्षांच्या होईपर्यंत पाहिल्या. काही जोड्यांत एकाला अंगावर सूज आणणारं कुपोषण, तर त्याच घरात वाढणारं दुसरं धडधाकट. आजारी मुलाचे जिवाणू उंदरांत घातले आणि वर मलावीसारखा मक्याचा आहार दिला, तेव्हा उंदरांचं वजन झपाट्याने घसरलं. त्यासाठी जिवाणू आणि आहार, दोन्ही जुळून यावे लागले.

[दृश्य: नमुन्याची कुपी, थंड वाफा सोडणारा डबा.]

ढाक्यात डॉ. तहमीद अहमद यांच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राबरोबर पुढचं काम झालं. शी गोळा करणं ऐकायला सोपं. पण नमुना उबेत पडून राहिला की ई. कोलायसारखे जिवाणू फोफावतात आणि पोटात नव्हतं ते कागदावर दिसतं. म्हणून तो लगेच द्रव नायट्रोजनने गार केलेल्या डब्यात जातो, नंतर उणे 80 अंशांवर. दुसरी फसगत डीएनए काढण्यासाठी जिवाणूंच्या पेशी फोडताना होते. जाड भिंतीचे जिवाणू नुसत्या रसायनाला दाद देत नाहीत. नळीत बारीक मणी घालून ती जोरात हलवावी लागते. मणी टाळले की बिफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू कमी भरतो, आणि तान्ह्या मुलांत नेमका तोच मोजायचा असतो.

50 निरोगी मुलांचे पहिल्या दोन वर्षांत दरमहा नमुने घेतले. त्यातून 24 प्रकारचे जिवाणू मिळाले, ज्यांच्या प्रमाणावरून मुलाचं वय ओळखता येतं. कुपोषित मुलांत हे ‘वय’ खऱ्या वयाच्या मागे पडलेलं. नेहमीच्या पोषक आहाराने ते थोडं पुढे सरके, आहार थांबला की पुन्हा मागे.

[दृश्य: आई चमच्याने भरवते आहे.]

मागे पडलेले जिवाणू कशाने वाढतात, हे आधी उंदरांवर आणि डुकराच्या पिलांवर, मग मुलांवर तपासून वाटीतलं मिश्रण ठरलं. 2021 मध्ये त्याचे निकाल आले. 12 ते 18 महिन्यांची, मध्यम कुपोषित 118 मुलं, प्रत्येक गटात 59, तीन महिने. एका गटाला हे केळ्याचं मिश्रण, दुसऱ्याला तांदूळ, डाळ आणि दूध पावडरचा पूरक आहार. या दुसऱ्या आहारात उष्मांक जास्त होते, तरी उंचीच्या मानाने वजन भरण्याचा वेग केळ्याच्या गटात अधिक दिसला. रक्तातली 70 प्रथिनंही वाढीच्या दिशेने हलली.

एवढ्यावरून सरसकट निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. ही एका शहरातली, एका वस्तीतली मुलं. शिवाय नंतरच्या अभ्यासात प्रिव्होटेला कोप्री नावाचा जिवाणू पुढे आला, जो या पिठांमधली गुंतागुंतीची शर्करा तोडतो. त्याचे सगळे वाण सारखे नाहीत. ज्या वाणात ती तोडणारी जनुकं पुरती आहेत, त्याचाच वजनवाढीशी संबंध दिसला. दुसऱ्या गावात हीच वाटी न्यायची, तर तिथल्या मुलांच्या पोटात कोणता वाण नांदतो, हे आधी पाहावं लागेल.