मल्हारनगरचा रुपया: अस्सल की ओतीव?

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवला जाणारा चांदीचा जाडसर रुपया ‘अहिल्याबाईंच्या वेळचा’ म्हणून जपलेला असतो. त्यावरचा मजकूर मात्र फारसी आहे आणि नाव आहे दिल्लीचा बादशहा दुसरा शाह आलम याचे. एवढ्यावरून ते नाणे होळकरांचे नव्हे असे ठरवू नये, कारण अठराव्या शतकात मराठी सत्तांच्या टांकसाळींतूनही बहुतेक नाणी बादशहाच्याच नावाने पाडली जात. होळकरी नाणे ओळखायचे ते मल्हारनगर, म्हणजे इंदूर, या टांकसाळीच्या नावावरून आणि शिवलिंग व बेलाचे पान या खुणांवरून.

काळ ठरवणे याहून अवघड आहे. अहिल्याबाई १७९५ मध्ये निवर्तल्या आणि शाह आलम १८०६ मध्ये. त्याचे नाव मात्र इंदूरच्या नाण्यांवर पुढेही राहिले. म्हणून अहिल्याबाईंच्या १७६७ ते १७९५ या कारकिर्दीचे नाणे सिद्ध करायला हिजरी सन किंवा जुलूस वर्ष, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष, वाचता यावे लागते. मजकूर कोरलेला ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने नेमका तोच भाग पुष्कळदा नाण्यावर उमटतच नाही. अशा वेळी ‘होळकर, मल्हारनगर’ एवढेच लिहून थांबणे हीच प्रामाणिक नोंद होय.

आता खरेखोटेपणाचा प्रश्न. अस्सल नाणे हातोड्याच्या घावाने पाडलेले असते, तर नकली बहुधा साच्यात ओतलेले. ओतीव नाण्याची अक्षरे बोथट दिसतात, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे राहतात आणि कडेला साच्याच्या जोडाची रेघ सापडू शकते. घाव दर वेळी थोडा वेगळा बसतो; म्हणून दोन नाण्यांवर मजकूर एकाच जागी तुटलेला असेल आणि ओरखडाही तोच असेल, तर दोन्हींचा साचा एक आहे असे समजावे.

धातू तपासण्यासाठी नाणे कापावे लागत नाही. सुमारे ११ ग्रॅमचा चांदीचा रुपया पाण्यात बुडवून तोलला तर साधारण १ ग्रॅम कमी भरतो. तेवढ्याच वजनाचा पितळी तुकडा १.३ ग्रॅमच्या आसपास कमी भरतो. वरच्या मुलाम्याने ही कसोटी फसत नाही. चिंचेने किंवा रांगोळीने नाणे घासणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्याने शतकांचा थर आणि अक्षरांच्या कडा दोन्ही जातात, आणि तपासणाऱ्याला हवे असते ते नेमके तेच.

नकलही चांदीची असेल, तर हे वजन काही सांगत नाही. तेव्हा आधार उरतो तो ठशांच्या तुलनेचा. हाताने कोरलेल्या प्रत्येक ठशाचे अक्षरवळण निराळे असते, आणि जमिनीत सापडून १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये सरकारजमा झालेल्या, म्हणून कुठे मिळाल्या याची नोंद असलेल्या नाण्यांशी ते वळण ताडून पाहता येते.