गुरू शोधताना

नमस्कार श्रोतेहो.

गाण्याच्या विशारदपर्यंतच्या परीक्षा झाल्या, गणेशोत्सवात दोन-चार कार्यक्रम झाले, आता पुढे कोणाकडे शिकायचं? गाण्यातच राहायचं ठरवलेल्या मुलामुलींच्या घरी हा प्रश्न कधीतरी येतोच. मग नावं विचारली जातात. पुण्यात कोण चांगलं, मुंबईत कोण, ऑनलाइन कोण शिकवतं. नावं सांगता येतील. पण त्याआधी मला एकच विचारायचं असतं. आज शिकवायला कोणी नाही, तरी आज तुमचा रियाज झाला का?

का विचारतो, ते थोर शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या गोष्टीवरून कळेल. तुमच्यातल्या अनेकांनी ती ऐकली असेल. तरी मी सांगणार, कारण मला ती सांगायला फार आवडते.

मोगूबाईंचा जन्म १९०४ चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. हे गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जमीन उघडी पडते, घरांची जोती दिसतात आणि जुने गावकरी देवाच्या उत्सवाला तिथे जमतात. गाणं शिकणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी मे महिन्यात तिथं जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. असो. मोगू जेमतेम दहा वर्षांची असताना आई गेली. मुलीनं मोठी गायिका व्हावं ही त्या माउलीची इच्छा. मग नाटक कंपन्या आल्या. सातारकर स्त्री संगीत मंडळीत भूमिका केल्या, गाणं आणि नाच दोन्ही शिकणं झालं. पुढे कंपनीत बिनसलं, तब्येतही बिघडली आणि मावशीनं तिला उपचारासाठी सांगलीला आणलं. तिथे इनायत खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली, आणि थोड्याच काळात बंदही पडली.

आता इथे थांबा, श्रोतेहो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. आई नाही, कंपनी सुटलेली, गुरूही सुटलेला. अशा वेळी तानपुरा खोळीत घालून ठेवणं किती सोपं असतं! तिनं तो ठेवला नाही. जेवढं मिळालं होतं, तेवढंच रोज घोटत राहिली.

त्याच रस्त्यानं एक वयस्कर गृहस्थ जात-येत असत. सांगलीचे प्रसिद्ध वैद्य आबासाहेब सांबारे, त्यांच्याकडे औषधासाठी आलेले. हा आवाज त्यांच्या कानावर पडायचा. एके दिवशी ते सरळ घरात आले. अनोळखी माणूस बघून मुलगी गायची थांबली. थांबू नकोस, गा, असं म्हणून ते ऐकत बसले. ऐकून गेले. पुन्हा आले. हे कोण, याचा तिला पत्ता नव्हता. मग ते स्वतःच शिकवू लागले. आणि पुढे तिला कळलं की आपल्याला शिकवताहेत ते कोल्हापूर दरबारचे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीचे उस्ताद अल्लादिया खाँ!

सगळे ही गोष्ट इथेच संपवतात. मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. साधारण दीड वर्षानं खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाईही मुंबईला आल्या, पण तिथे त्यांच्याकडून तालीम मिळण्यात अडथळे आले. मग आग्र्याच्या विलायत हुसेन खाँकडे शिकल्या, नंतर अल्लादिया खाँचे धाकटे बंधू हैदर खाँकडे. तेही मुंबई सोडून गेले. रियाज सुटला नाही. अखेर १९३४ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला, म्हणजे मनगटाला धागा बांधून रीतसर शिष्या करून घेतलं, आणि १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत तालीम चालली. सांगलीच्या त्या खोलीपासून गंड्यापर्यंत दीड दशक गेलं. म्हणून पुन्हा सांगतो, शिकवायला कोणी नसेल त्या दिवशीही रियाज करा. त्या रियाजामुळेच तुम्ही गुरूच्या कानी पडता.

गुरू मिळाल्यावर काय? मोगूबाईंच्या कन्या, गायिका किशोरीताई आमोणकर सांगत, की माई, म्हणजे मोगूबाई, बंदिशीचे स्थायी-अंतरा हे दोन भाग एकदोनदाच म्हणत, तेवढ्यात उचलावं लागे. आज मुलं बसल्या बसल्या मोबाइल पुढे ठेवतात. रेकॉर्डिंग घरी जाऊन ऐकायला हरकत नाही, पण यंत्र ऐकतंय म्हणून आपला कान ढिला पडतो. परवानगी मिळाली तरी पहिली काही आवर्तनं फोन बंद ठेवा. आणि तानपुरा हातानं लावायला शिका. ॲपवर स्वर तयार मिळतो. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, कुठे खुलते आणि तार किंचित उतरली की काय होतं, हे ॲप शिकवत नाही.

आणखी एक. याच माईंनी किशोरीताईंना भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकायला पाठवलं. आपल्याकडे जे नाही ते दुसरीकडून घे, असं म्हणणारा गुरू मिळाला तर तो सोडू नका. दुसऱ्याचं गाणं ऐकायलाही मनाई करणाऱ्याकडे जाताना मात्र दहादा विचार करा.

नव्या गुरूकडे पहिल्यांदा जाताना दहा राग तयार करून नेऊ नका. एकच न्या, यमन किंवा भूप, पण रोज गायलेला. शक्य असेल तर आधी काही दिवस इतरांच्या तालमीला नुसतं बसू द्या म्हणून विनंती करा. शिष्याच्या चुकीवर ते काय करतात, हे तिथे दिसतं. गुरुदक्षिणेचं पहिल्याच भेटीत विचारा, त्यात संकोच नको. आणि आईबाबांनो, मूल लहान असेल तर तालमीच्या वेळी तुम्ही तिथे बसा. गुरूनं याला हरकत घेतली तर नाव कितीही मोठं असो, मुलाला घेऊन उठा आणि दुसरा गुरू शोधा.

नमस्कार.