शरद म्हणजे काका

नमस्कार मंडळी. खरं तर 'काया' म्हणायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या आपल्या या पर्थ भागाचे मूळ रहिवासी म्हणजे नूनगार, त्यांच्या भाषेतला हा नमस्कार. धाकटी शाळेतून येऊन पहिल्यांदा "काया, बाबा" म्हणाली, तेव्हा मला वाटलं, इथे अभंग शिकवायला लागले की काय!

परवा जेवताना मी नेहमीसारखा कुरकुरलो, "काय हा पर्थचा हिवाळा!" ती म्हणाली, "हिवाळा नाही, मकुरू. आता काळे हंस जोड्या जमवतात." मग नूनगारांचे सहा ऋतू बोटांवर मोजले: बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा, कम्बरांग. "आपले किती?" मी ठोकून दिलं, तीन. व्हिडिओ कॉलवरून आजी ओरडली, "अरे गाढवा, सहा!" काय करणार, मला शरद म्हटलं की काका आठवतो, वसंत म्हटलं की मामा आणि हेमंत म्हणजे आपल्या मंडळाचे खजिनदार.

गंमत बघा, तिकडे मृग लागतो त्याच जूनमध्ये इथे मकुरूचा पाऊस. आपल्याला पावशा सांगायचा, यांना जेरान आल्याचं पंख फुटलेल्या मुंग्या सांगतात. बिराकमध्ये, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, नूनगार लोक दुपारच्या समुद्रवाऱ्याचा अंदाज घेऊन थोडं थोडं रान जाळायचे. नवा कोंब फुटावा, शिकार सापडावी म्हणून. आणि आपण? त्याच बिराकच्या 40 अंशांत काळे कपडे घालून तिळगूळ वाटतो. मीही वाटतो, घाम पुसत.

मध्यंतरी आपल्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ही नूनगार भाषा शिकून उपयोग काय? त्यापेक्षा कोडिंग शिकवा." खाली बावीस अंगठे. त्यातला एक माझा.

तो अंगठा मला आता टोचतो. याच पर्थच्या मध्यवस्तीत 1927 ते 1954 नूनगार माणसाला परवान्याशिवाय यायला बंदी होती. मुलं आयांपासून तोडून संस्थांत ठेवली, त्यांची भाषा मोडली. लेकीला हे शाळेत सांगितलं. त्या रात्री भांडी आवरताना तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला मराठी बोलायला कुणी बंदी केली होती?"

मी म्हणालो, "नो, बेटा."

तेव्हापासून फ्रिजवर एक कागद लावलाय. वर नूनगार ऋतूंचे सहा चौकोन, चित्रांनी भरलेले. खाली तिने स्वतःच आपले सहा आखलेत. कधी काय फुलतं, काय खातात, ते मी सांगायचं. वसंतात मोहोर काढला, ग्रीष्मात आंबा, वर्षाऋतूत बेडूक. शरदात आटवलेलं दूध, तेही आजीच्या कृपेने. हेमंत आणि शिशिर कोरे आहेत.

हेमंतात काय फुलतं, कुणाला आठवत असेल तर चहाच्या वेळी सांगा. खजिनदारांना विचारून झालंय.