एक नॅनोसेकंद, पाच लाख पावलं

(दृश्य: सर्व्हर रूमचं दार उघडतं. रॅकमधले हिरवे दिवे, पाण्याच्या नळ्या.)

हा परम ब्रह्म, महासंगणक. आयसर पुणे या विज्ञानसंस्थेत 2019 साली सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने उभा केला. सुरुवातीची क्षमता 797 टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला 797 लाख कोटी आकडेमोडी. प्रोसेसर तापू नयेत म्हणून या नळ्यांतून पाणी खेळवलंय. 1991 च्या परम 8000 पासूनची ही गोष्ट पुणेकरांना पाठ आहे, त्यामुळे यंत्राचं कौतुक इथेच पुरे. आपल्याला वर्गात जायचंय, जिथे जीवरसायनवाले हा महासंगणक वापरायला शिकतायत.

(दृश्य: प्रशिक्षणाचा वर्ग. कीबोर्डवरचे हात.)

हे हात जीवरसायनाचे. पिपेट धरली की थरथरत नाहीत, पण समोर काळा टर्मिनल आला की अडखळतात. इथे माउसचं काम नाही, सगळं टाइप करायचं.

(दृश्य: पडद्यावर प्रथिनाची रंगीत रचना फिरते.)

सरावाला लायसोझाइम हे प्रथिन. पाण्यात ते कसं हलतं, हे अणू-अणूचा हिशेब करून संगणकावर पाहायचं. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं, 129 अमिनो आम्लांचं. रचना प्रोटीन डेटा बँकेतून फुकट मिळते, हा हिशेब करणारं ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअरही फुकट. खरी मेहनत पुढे आहे. रचना स्फटिकावर क्ष-किरण सोडून काढलेली, त्यातलं जुनं पाणी काढून टाकायचं. क्ष-किरणांना सहसा न दिसणारे हायड्रोजन जागेवर बसवायचे. मग प्रथिनाभोवती डबा आखून त्यात पाण्याचे दहा हजारांवर रेणू भरायचे. लायसोझाइमवर अधिक आठ विद्युतभार, म्हणून उणे भाराचे आठ क्लोराइड सोडायचे. भार शून्यावर आला की रचनेतले ताण सैल करायचे, तापमान 300 केल्विनवर न्यायचं, मग दाब.

(दृश्य: पडद्यावर ‘फेटल एरर’. कॅमेरा जवळ जातो.)

आणि हे आलंच! रचनेच्या फाइलमध्ये अणूंची संख्या एक, टोपोलॉजीत, म्हणजे डब्यात कोणते रेणू किती याची नोंद असलेल्या फाइलमध्ये, भलतीच.

“मॅडम, टोपोलॉजीची शेवटची ओळ बघा. पाणी भरलंत, पण तिथे नोंद कुठाय?”

एक ओळ. सांगणारा शेजारी नसता तर एवढ्यासाठी अख्खा आठवडा गेला असता. महासंगणक ही चूक दुरुस्त करून देत नाही.

(दृश्य: रांगेची यादी, जॉबपुढे ‘पीडी’.)

आता जॉब, म्हणजे महासंगणकाला दिलेलं काम, स्लर्म या कामं वाटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेत. पीडी म्हणजे थांबलाय, आर म्हणजे चालू. लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे आधी जिथे शिरतात त्या सामायिक संगणकावर, जॉब चालवायचा नाही, हे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा सांगतात. तरी कोणीतरी चालवतंच.

हिशेब काळाच्या बारीक पावलांनी पुढे जातो. एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं; नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. एका नॅनोसेकंदाला पाच लाख पावलं, मायक्रोसेकंदाला पन्नास कोटी. प्रत्येक पावलाला प्रत्येक अणूवरचं बल नव्याने काढायचं. परम ब्रह्म लागतो तो यासाठी.

(दृश्य: आलेख, हलणारं प्रथिन.)

हे जमलं की औषधाचा रेणू एन्झाइमच्या खाचेत टिकतो की सुटतो, हे प्रयोगाआधी ताडून पाहता येतं.

(दृश्य: वर्गातली गर्दी, प्रश्न विचारणारे विद्यार्थी.)

राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन 2015 चं, तरतूद 4,500 कोटींची. प्रशिक्षणासाठी आयआयटी खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड इथे केंद्रं आहेत. चांगलंच आहे. पण शेवटची ओळ दाखवणारा माणूस जीवरसायनाच्या विभागातच बसायला हवा, पगारी आणि कायम. सर्व्हरच्या खरेदीत त्याची जागा धरलेली नसते.

(दृश्य: पुन्हा पडदा. वेळ संपून जॉब थांबलेला.)

वेळेची मर्यादा संपली. काळजी नाही, तोवरचं काम जपून ठेवणारी चेकपॉइंट फाइल आहे. तिच्यापासून पुढे चालू करायचं, पहिल्यापासून नाही.